आमचे हे, पाठमोरे

त्या डॉक्युमेंटरीत आमचे हे आहेत. शोधायला मात्र डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. परदेशातला एक दिग्दर्शक आपल्या नव्या सिनेमासाठी आमच्या शहरात जागा शोधत फिरतो आणि एक बाई कॅमेरा घेऊन त्याच्या मागे मागे फिरते, अशी ती डॉक्युमेंटरी. दिग्दर्शक पुलावर उभा राहून विचार करतो. दिग्दर्शक बेकरीसमोर उभा राहून विचार करतो. बसथांब्यावर बसतो, तिथेही विचारच करतो, बस काही पकडत नाही. आणि मध्येच एका जिन्यावर त्याच्या पुढे एक माणूस चढताना दिसतो. करडा स्वेटर, खांद्याला पिशवी, मागून विरळ झालेले केस. ते आमचे हे. चेहरा नाही, नाव नाही, शेवटी ज्यांचे आभार मानतात त्या भल्यामोठ्या मंडळींतही नाहीत.

शेजारीण येऊन सांगून गेली, तुमच्या ह्यांची पाठ छान आलीय हो. मी म्हटलं, आम्हालाही घरी तीच दिसते, सारखे बाहेर निघालेले असतात. हसण्यावारी नेलं, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. ह्यांच्याशिवाय त्या पाहुण्याला या शहरात एक दार उघडून मिळालं नसतं. त्यांनी पाठ दाखवली ना, मग चेहरा मी दाखवते.

हे मूळचे वीज कंपनीतले, मीटर वाचणारे. घरोघर जायचं, दारामागची नाहीतर जिन्याखालची पेटी उघडायची, आकडा टिपायचा आणि पुढच्या घरी. दुसरा कुणी असता तर आकडे बघून घरी आला असता. हे घरं बघून यायचे. जेवताना माझ्या डोक्यावर मिरे वाटायचे की अमक्याच्या स्वयंपाकघरात दुपारी काय उजेड येतो म्हणून सांगू, तमक्याचा जिना एवढा अरुंद की वरचं कपाट सुतारानं वरच बसून केलं असणार. मी म्हणायचे, अहो, आधी जेवा, मग घरं बांधा. मला तेव्हा वाटायचं, याचा उपयोग काय?

मग कंपनीनं आपोआप आकडा कळवणारी मीटरं बसवली आणि वाचणाऱ्या माणसांना घरी पाठवलं. घराच्या पुढच्या खोलीत माझं इस्त्रीचं दुकान आहे. हे तिथे स्टुलावर बसून पँटच्या घड्या घालायला लागले. घड्यासुद्धा धड येत नव्हत्या. एकदा जाहिरातवाल्या लोकांची गाडी आमच्या गल्लीत येऊन अडकली. त्यांना गोल खिडकीचं स्वयंपाकघर हवं होतं आणि दिवसभर फिरून त्यांच्या नाकी नऊ आले होते. ह्यांनी मान वर न करता सांगितलं, तशी दोन आहेत, एकाची खिडकी चांगली आहे आणि दुसऱ्यातली म्हातारी चांगली आहे, तुम्हाला काय हवंय? ते लोक आ वासून बघायला लागले. तेव्हापासून हा धंदा सुरू झाला. सिनेमावाले त्याला रेकी म्हणतात. म्हणजे शूटिंगच्या आधी जागा हुडकायच्या, बघायच्या, मिळवून द्यायच्या.

पहिल्यापहिल्यांदा ह्यांच्या हातूनही एक चूक झाली. एका फ्लॅटमध्ये शूटिंग होतं, मुलगा मालक, एका पायावर तयार. युनिटनं, म्हणजे शूटिंगच्या मंडळींनी, सामान सगळं व्हरांड्यात काढून ठेवलं. त्या मुलाच्या वडिलांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांची खुर्ची शॉटमध्ये होती, तेव्हा ते बिचारे आपला रेडिओ छातीशी धरून दिवसभर व्हरांड्यात उभे. येणारेजाणारे त्यांना 'बाबा, जरा बाजूला' म्हणत होते, आणि ते बाजूला होत होते. हे संध्याकाळी तिथे गेले आणि त्यांनी ते बघितलं. घरी आले ते जेवलेच नाहीत.

तेव्हापासून ह्यांची एक पद्धत आहे. घर आवडलं की मालकाकडे जायचंच नाही. आधी शोधायचं, की शूटिंग झालं तर या घरात सगळ्यात जास्त नको कुणाला वाटेल. त्या माणसापाशी जाऊन बसायचं, सगळं खरं खरं सांगायचं आणि त्याला विचारायचं. तो हो म्हणाला तर मालकाशी बोलायचं. एका शाळेत ह्यांनी आधी झाडणाऱ्या बाईंना विचारलं, कारण शंभर माणसांच्या चपलांची माती त्यांनाच काढायची होती. एका घरात रात्रपाळी करणाऱ्या सुनेला विचारलं, ती दिवसा झोपायची. एका गॅरेजात तर मला वाटतं कुत्र्यालाही विचारून आले असतील. आणि विचारायचं एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस भिडेला पडून हो म्हणतो, आणि तसलं हो घेऊन घरात पाय ठेवायचा नाही, असं ह्यांचं म्हणणं. मी एकदा चिडवलं, मला मागणी घालायला आलात तेव्हा आमच्याकडे सगळ्यात नाराज कोण ते शोधलं होतंत का? तर म्हणाले, नंतर कळलं, तुझी आत्या होती, बरं झालं नाही विचारलं.

या पद्धतीपायी कितीतरी कामं हातची गेली. पण ज्या घरात ह्यांनी एकदा युनिट नेलं त्या घराचं दार ह्यांना आजही उघडं असतं. रस्त्यानं चालायला लागले की दर चार पावलांवर कुणीतरी गॅलरीतून हाक मारतं. बरोबर बाजारात जायची सोय नाही, भाजी घेऊन येईपर्यंत ती सुकते.

पण अलीकडे कामच आटलं होतं. आता काय, लोक कॉम्प्युटरवर फोटो बघतात आणि तिथल्या तिथे घर ठरवतात, त्यांना मधे माणूस कशाला हवा? ह्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, त्यांचं टाइल्सचं दुकान आहे. मोठं आहे, काचेच्या दारांचं. त्यांनी ह्यांना गल्ल्यावर बसायला बोलावलं होतं. माणूस वाईट नाही हो, भावाच्या काळजीनंच बोलावलं. पण बोलताना म्हणाले, आता उंडारणं पुरे. मलाही ते बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू? ठरलेल्या वेळेला जाणारा आणि ठरलेल्या वेळेला येणारा नवरा कुणाला नको असतो? हे चालेल म्हणाले आणि त्यांनी भावाला शब्द दिला, की या परदेशी पाहुण्याचं काम पूर्ण मिळालं तर धंदा चालू ठेवीन, नाही मिळालं तर पुढच्या महिन्यापासून दुकानात येतो. म्हणजे हा सिनेमा नाहीतर टाइल्स. मधलं काही उरलं नव्हतं.

पाहुणा आला. ताडमाड उंच, दारातून आत येताना दर वेळी वाकायचा आणि तरी दर वेळी डोकं आपटायचा. त्याची भाषा ह्यांना कामापुरती येते. त्याच्यामागे कॅमेरेवाली आणि तिच्यामागे लांब काठीला केसाळ माइक लावलेला आवाजवाला. आमच्या गल्लीतल्या मांजरी त्या माइकला बघून शेपट्या फेंदारायच्या. पाहुण्याला हवं होतं एक लांब खोलीचं घर. दोन टोकांना दोन खिडक्या, आणि एका खिडकीशी उभं राहिलं तर पार दुसऱ्या खिडकीशी बसलेला माणूस दिसला पाहिजे. तसं घर मिळालं तर सगळा सिनेमा इथेच करणार आणि बाकीच्या सगळ्या जागांचं काम ह्यांच्याकडे देणार, असं बोलणं झालं होतं. ह्यांनी घरांमागून घरं दाखवली. प्रत्येक ठिकाणी पाहुणा मधोमध उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि नाही म्हणायचा. कॅमेरेवाली त्याच्या तिरक्या मानेचं शूटिंग करायची.

शेवटी ते घर मीच सुचवलं. चढाच्या रस्त्यावरच्या घरातले दोघं माझं गिऱ्हाईक. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, सगळं शहर त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणतं. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, ते नकाशेकाका. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. कधीपासून ते कुणालाच माहीत नाही, कशावरून ते बहुतेक त्यांनाही आठवत नसावं. इस्त्रीचे गठ्ठेसुद्धा दोघांचे वेगळे यायचे. मी गेले की मोठ्या बाई म्हणायच्या, सांग त्यांना, पाणी जाणार आहे आज. काका त्याच खोलीत बसलेले असायचे. मी वळून म्हणायचे, काका, पाणी जाणार आहे. ते म्हणायचे, सांग त्यांना, भरून ठेवलंय. खोली मात्र लांबच लांब. एका खिडकीशी काकांचं टेबल आणि पेन्सिली, दुसऱ्या खिडकीशी बाईंची पुस्तकं आणि खाट.

हे तिथे गेले. त्या घरात सगळ्यात जास्त नको कुणाला वाटणार, याचा विचारही करायची गरज नव्हती. मोठ्या बाईंना सूर्य उगवलेलासुद्धा विचारल्याशिवाय चालत नाही. त्यांनी ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. भिंतींना खिळे कोण मारणार, कुंड्यांना पाणी कोण घालणार, पुस्तकं जशीच्या तशी कोण लावणार? ह्यांनी एकेका गोष्टीचं उत्तर दिलं. शेवटी त्या हो म्हणाल्या, पण अट घातली. शूटिंगच्या दिवसांत कंपनी त्यांना दुसरीकडे राहायला घर देणार होती, तर दोघांना दोन घरं हवीत. शक्यतो दोन वेगळ्या रस्त्यांवर. मग ह्यांनी काकांना विचारलं. काका पेन्सिलीला टोक काढत होते, तसेच म्हणाले, चालेल.

आता पाहुण्याची घाई बघा. त्याला सकाळचा उजेड बघायचा होता म्हणून तो उजाडताच ह्यांना घेऊन तिथे गेला. कॅमेरेवाली तेव्हा कुठल्याशा गच्चीवरून शहर टिपत बसली होती. आणि नेमकं त्या सकाळी पाहुण्यानं त्या खोलीत पाय ठेवला, दोन्ही खिडक्यांकडे बघितलं आणि मटकन खाली जमिनीवरच बसला. हेच घर, म्हणाला. झालं! ज्या बाईनं इतके दिवस त्याच्या मानेमागे घालवले, तिला घर सापडल्याची ती खरी घडीच मिळाली नाही. ती रडायचीच बाकी राहिली होती. मग त्या लोकांनी असं ठरवलं की दुपारी सगळं पुन्हा करायचं. पाहुण्यानं पुन्हा जिना चढायचा, पुन्हा चकित व्हायचं. आणि ह्यांनी घरच्यांना पुन्हा परवानगी विचारायची, म्हणजे प्रेक्षकांना कळेल की घर कसं मिळतं.

हे म्हणाले, विचारून झालंय. पाहुणा म्हणाला, अरे, हे काही खरं विचारणं नाही, कॅमेऱ्यापुरतं आहे. संध्याकाळी कामाचा करार व्हायचा होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इस्त्रीचा गठ्ठा पोचवायचं निमित्त काढून तिथे हजर होतेच, असली गंमत कोण सोडतं? मी डोळ्यांनीच दटावलं, की करा काय सांगतायत ते. हे जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले.

पहिल्या वेळी पाहुणा जिना चढून आला, चकित झाला, जमिनीवर बसला. ह्यांनी मोठ्या बाईंना विचारलं. बाईंनी शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलतात तसं भाषण सुरू केलं, घराचा इतिहास, बांधकाम, वगैरे. आवाजवाल्यानं कानावरची टोपणं काढून हात वर केले. दुसऱ्या वेळी पाहुणा पुन्हा चकित झाला, पुन्हा मटकन बसला, आणि मी म्हणते हा माणूस दिग्दर्शक कशाला झाला, याला नट करायला हवं होतं. बाईंनी थोडक्यात हो म्हटलं, पण सगळा वेळ कॅमेऱ्यात डोळे रोखून. मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबला होता. मग कॅमेरेवालीचं लक्ष काकांकडे गेलं. म्हणाली, यांचा चेहरा फार छान आहे, या वेळी यांनाच विचारा.

तिसऱ्यांदा पाहुणा चकित झाला. हे काकांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, काका, तुमचं घर आम्हाला सिनेमासाठी हवंय, तुम्हाला काही दिवस दुसरीकडे राहावं लागेल, चालेल का?

काका पेन्सिल हातात धरून बसले होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खाटेच्या कडेशी मोठ्या बाई उभ्या होत्या आणि मी त्यांच्याजवळ. कॅमेरा चालूच होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय बोलायचं ते आठवत नाहीये.

"नाही," काका म्हणाले.

पाहुण्याला तेवढा शब्द कळला. तो हसला आणि ह्यांना खूण केली की घोटाळा झाला, पुन्हा विचार. कॅमेरेवालीही बोट गोल फिरवून पुन्हा, पुन्हा करायला लागली. ह्यांनी तिकडे बघितलंच नाही. खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, काका, हे कॅमेऱ्यासाठी नाही, मला सांगा.

"इथे ती बोलत नाही, पण असते," काका म्हणाले. "सकाळी खोकते, मला कळतं उठली. रात्री दिवा घालवते, मला कळतं झोपली. दोन रस्त्यांवर दोन घरं दिलीत तर मला काय कळणार? आणि एकदा का तिला तिकडे बरं वाटलं, तर ती परत यायची नाही."

एवढं लांब बोलताना मी त्या माणसाला कधी ऐकलं नव्हतं. खोली लांब असली तरी शांत होती, शब्दन् शब्द इकडे आला. मी बाईंकडे बघायचं धाडस केलं नाही. थोड्या वेळानं त्या माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "सांग त्यांना, कॅमेरा चालू आहे." आवाज नेहमीचाच काढायला गेल्या, पण तो निघाला नाही. मग पुस्तकं नीट लावल्यासारखं करत खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

पाहुण्याला ह्यांनी त्याच्या भाषेत सगळं सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. पण डोळे पुसता पुसताच त्यानं तोड काढली. मग सोपं आहे, म्हणाला, दोघांना एकच घर देऊ, आत्ताच विचार बाईंना. आणि कॅमेरेवालीनं कॅमेरा गर्रकन बाईंच्या पाठीकडे वळवला. मलाही वाटलं, खरंच की, एवढं काय त्यात! विचारा पटकन आणि मोकळे व्हा.

हे उठले आणि कॅमेऱ्याच्या बरोबर समोर, भिंगाला पाठ लावून उभे राहिले. पाहुण्याला म्हणाले ते त्याच्या भाषेत, मला ती निम्मीच कळते, पण घरी आल्यावर मी शब्दन् शब्द सांगायला लावलं. म्हणाले, "नवऱ्याबरोबर एका घरात राहाल का, हे या बाईंना विचारायचं असेल तर काकांनी विचारावं. आपल्याला खोली हवी म्हणून आपण विचारायचं नाही."

पाहुण्याचा आवाज चढला. तू नाही विचारत तर मी दुसऱ्या कुणाकडून विचारून घेतो, म्हणाला. हे म्हणाले, या घरात तुम्हाला मी आणलंय, मीच खाली घेऊन जातो. आणि खरंच कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं उचलून खांद्यावर घेतला आणि जिना उतरायला लागले. तिकाटणंच गेल्यावर मागून सगळी वरात निघाली. खाली रस्त्यावर पाहुण्यानं हात झटकून सांगून टाकलं की आपलं काम संपलं. हे म्हणाले, बरं. तिकाटणं गाडीत नीट आडवं ठेवलं, त्याचा एक पाय सैल होता तो आवळून दिला, आणि चालायला लागले.

मी गठ्ठ्याचं रिकामं फडकं काखेत मारून मागून धावले. काय काय बोलले असेन ते विचारू नका. हरिश्चंद्राचे अवतार, म्हटलं, आता बसा टाइल्स मोजत. एक प्रश्न विचारला असता तर काय जीभ झडली असती? बाई कदाचित हो म्हणाल्या असत्या, त्या दोघांचंच भलं झालं असतं. हे ऐकून घेत होते. कोपऱ्यावर थांबून म्हणाले, चूक माझीच झाली. बाई सारख्या आवाज करतात म्हणून मला वाटलं त्याच नाराज. आवाज करणारा माणूस अर्धा तयारच असतो, तो अटी घालतो. जो चालेल म्हणून पेन्सिलीला टोक काढतो त्याच्याजवळ बसायला हवं होतं. मी बसलो नाही.

काम गेल्याचं एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दोघांपैकी आपण कुणाजवळ बसायला हवं होतं, याचाच विचार घरापर्यंत. मी बडबडायची थांबले. इतक्या वर्षांत या माणसावर मी चिडले, हात टेकले, पण त्या कोपऱ्यावर मला जे वाटलं ते सांगते, मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पडले अर्थातच नाही. म्हटलं, चला, भाजी घ्यायचीय.

पाहुण्यानं पुढे फोटो बघून दुसरीकडे कुठेतरी घर घेतलं. आमच्या शहराचे थोडे रस्ते, पूल आणि ह्यांची पाठ एवढंच त्या बाईच्या कामाला आलं.

महिना संपला. दुकानात पहिल्या दिवशी जायचं म्हणून हे सकाळी लवकर उठले. थोरल्या दिरांनी सांगून ठेवलं होतं की स्वेटर नको, कॉलरचा शर्ट पाहिजे, गिऱ्हाईक चांगलं येतं. मी शर्टाला इस्त्री करत होते. हे आंघोळीला गेले होते. रोज आंघोळ करताना ह्यांची बडबड चालू असते, नळाशी बोलतात की काय कोण जाणे, त्या दिवशी आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. मी इस्त्री उभी केली आणि थोरल्या दिरांना फोन लावला.

म्हटलं, भावजी, हे दुकानात यायचे नाहीत, तुम्ही दुसरा माणूस बघा.

त्यांना वाटलं ताप वगैरे आला. मी म्हटलं, ताप नाही, येणारच नाहीत. मग ते रागावले, आणि रागावणं बरोबरच होतं. घर कसं चालवणार, म्हणाले. मी सांगितलं, इस्त्री आहे, ती आजवर चालवत आलीय, पुढेही चालवेल. त्याला फोन दे, म्हणाले. मी म्हटलं, आंघोळीला गेलेत.

"पण त्याचं काय म्हणणं आहे? त्याला विचारलंस का?"

"नाही विचारलं," मी म्हटलं. "विचारलं तर ते यायला हो म्हणतील. दुकानाला चालेल म्हणाले ना, तसंच हो म्हणतील."

भावजी तिकडे जाऊबाईंना काहीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं आणि त्यांनी फोन ठेवला.

हे डोकं पुसत बाहेर आले. शर्ट कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, शर्टाचं राहू द्या, मी भावजींना कळवलंय, तुम्ही दुकानात जाणार नाही. ह्यांना आधी कळेचना. कुणी सांगितलं, म्हणाले. मी म्हटलं, मी. मला वाटलं, आता दिलेल्या शब्दाचं काढतील, दादाला काय वाटेल ते काढतील, मी उत्तरं तयार करून उभी होते. टॉवेल तसाच खांद्यावर, हे ओल्या अंगानं स्टुलावर बसले, आणि आमचे हे, माझ्यासमोर, लग्नानंतर पहिल्यांदा, लहान मुलासारखे हमसून हमसून रडायला लागले. बाहेर कपडे घेऊन गिऱ्हाईक आलं होतं. मी त्याला थोड्या वेळानं यायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.